न सांगितलेला आकडा : जुलै १९६५ मधला जॉन्सन यांचा व्हिएतनामचा निर्णय

२८ जुलै १९६५, बुधवार. भर दुपारची वेळ. व्हाइट हाउसमधल्या पत्रकार परिषदेत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सुरुवातीलाच एका पत्राचा उल्लेख केला. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका बाईने ते लिहिलं होतं. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात लढला होता, आता मुलगा व्हिएतनाममध्ये होता. त्या वेळचं युद्ध कशासाठी आहे हे तिला कळलं होतं. या वेळचं कळत नव्हतं. ‘का?’ एवढंच तिचं विचारणं होतं.

जॉन्सन यांनी उत्तर दिलं. तीन अध्यक्षांनी दिलेला शब्द, १९३८ मध्ये म्युनिकला हिटलरपुढे दाखवलेल्या नरमाईची पुढे मोजावी लागलेली किंमत, दुबळ्या देशाला वाऱ्यावर सोडलं तर जगात अमेरिकेवर कोण विश्वास ठेवेल हा सवाल. मग घोषणा : व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेणार; सक्तीच्या भरतीचं प्रमाण महिन्याला १७ हजारांवरून ३५ हजार होणार; राखीव दलं बोलावणार नाही. पुढे लागेल तसं आणखी सैन्य जाईल, असंही एक वाक्य होतं. त्याच परिषदेत सर्वोच्च न्यायालयावर एब फोर्टास यांच्या नेमणुकीची घोषणाही झाली. एका पत्रकाराने विचारलं, याचा अर्थ धोरण बदललं असा घ्यायचा का? जॉन्सन यांचं उत्तर : धोरणात कसलाही बदल नाही.

संध्याकाळी देश टीव्हीपुढे बसलेला असताना केलेलं भाषण नाही, काँग्रेसपुढे (म्हणजे अमेरिकी संसदेपुढे) निवेदन नाही, आणीबाणी नाही, नवा कर नाही. आणि तरीही अमेरिका व्हिएतनामच्या जमिनीवरच्या युद्धात पूर्णपणे उतरली ती याच आठवड्यात.

या निर्णयावर इतकी वर्षं वाचत आलो, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जॉन्सन फसले नव्हते. त्यांना अंधारात ठेवलं गेलं, सेनापतींनी खोटी आशा दाखवली, पुढचं कुणालाच दिसत नव्हतं, हा बचाव या प्रकरणात टिकत नाही. त्या बाईचा प्रश्न अध्यक्षांनी चौदा महिने आधी स्वतःलाच विचारला होता. आणि पुढे किती सैन्य लागेल, किती वर्षं लागतील, किती माणसं मरतील, याचे आकडे त्याच आठवड्यात त्यांच्यासमोर मोठ्याने बोलले गेले होते. देशापर्यंत ते पोहोचले नाहीत, एवढंच.

२७ मे १९६४ चा फोन

जॉन्सन यांच्या कार्यालयातले फोन ध्वनिमुद्रित होत. पुढे त्या फिती खुल्या झाल्या, म्हणून आज आपण ते बोलणं त्यांच्याच आवाजात ऐकू शकतो. २७ मे १९६४ ला ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी बोलत होते. व्हिएतनामची माझ्या लेखी किंमत काय? लाओसची काय? या देशाला त्याची काय किंमत? इथे लढण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, आणि इथून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. एवढा मोठा घोळ मी आयुष्यात पाहिला नाही. मग त्यांनी आपल्या दिमतीला असलेल्या एका सार्जंटचा विषय काढला. त्याला सहा मुलं. सकाळी तो माझी कामं करत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. याला मी कशासाठी तिकडे धाडायचं?

त्याच दिवशी त्यांनी जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांनाही फोन केला. रसेल सिनेटच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष, कट्टर लष्करवादी आणि जॉन्सन यांचे जुने गुरू. तेही हाच सूर लावत होते. सायगावमध्ये, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, असा माणूस गादीवर बसावा की जो स्वतःच अमेरिकेला निघून जा म्हणेल, म्हणजे सुटका होईल, इथवर त्यांचं बोलणं गेलं.

मराठी वाचकाला ही तारीख वेगळ्या कारणासाठी लक्षात असेल. त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरू गेले, आणि आपले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेव्हा अमेरिकेच्याच दौऱ्यावर होते. चीनच्या आक्रमणानंतरच्या भारतासाठी लष्करी मदतीची बोलणी करायला ते गेले होते. आशियात चीनला अडवायचं हा विचार त्या काळी वॉशिंग्टनमध्ये प्रत्येक टेबलावर होता. व्हिएतनामकडेही ते त्याच चष्म्यातून पाहत.

नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांची हत्या झाली तेव्हा व्हिएतनाममध्ये सुमारे १६ हजार अमेरिकी ‘सल्लागार’ होते. तीनच आठवडे आधी सायगावचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांना त्यांच्याच सेनापतींनी अमेरिकेच्या मूक संमतीने हटवून ठार केलं होतं. त्यानंतरच्या दीड वर्षात सायगावला सत्तेवर कोण आहे हे सांगणं अवघड व्हावं इतक्या वेळा सरकारं बदलली. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी हल्ला केला. दोन दिवसांनी दुसरा हल्ला झाल्याची बातमी आली. तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे अमेरिकेच्याच गुप्तवार्ता संस्थेच्या इतिहासकाराने मान्य केलं. पण त्या आधारावर ७ ऑगस्टला काँग्रेसने ठराव केला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. अध्यक्षांना लागेल ती कारवाई करण्याची मोकळीक त्यातून मिळाली.

निवडणुकीच्या प्रचारात जॉन्सन शांततेचे उमेदवार होते. आशियाई मुलांनी स्वतः करायचं ते काम करायला आम्ही अमेरिकी मुलांना नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही, असं त्यांनी ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या अॅक्रन इथे सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ते ६१ टक्के मतं घेऊन जिंकले.

फेब्रुवारी १९६५ मध्ये प्लेकूच्या तळावर हल्ला होऊन आठ अमेरिकी सैनिक मेले. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली, ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरले, सुरुवातीला फक्त हवाई तळाच्या राखणीसाठी. एप्रिलमध्ये त्यांना चढाईची मुभा देण्यात आली. तो बदल गाजावाजा न करता व्हावा असा लेखी आदेशच होता. बॉम्बफेक सुरू होण्याच्या चार दिवस आधी जॉन्सन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांना फोनवर म्हणाले होते : हरण्याइतकं वाईट काहीच नाही, आणि जिंकण्याचा मार्ग मला दिसत नाही.

या एका वाक्यात पुढची तीन वर्षं आहेत.

वेस्टमोरलंड यांची मागणी

७ जून १९६५ ला सायगावहून जनरल विल्यम वेस्टमोरलंड यांची तार आली. दक्षिण व्हिएतनामचं सैन्य मोडकळीला आलं आहे, त्याच्या पलटणी जितक्या वेगाने नष्ट होत आहेत तितक्या वेगाने नव्या उभ्या राहत नाहीत. सावरायचं तर अमेरिका आणि मित्रदेशांच्या मिळून ४४ बटालियन हव्यात. अमेरिकी सैन्याचा आकडा १ लाख ७५ हजारांवर जाणार होता. त्याच महिन्यात सायगावमध्ये न्गुयेन व्हान थिऊ आणि हवाई दलाचे न्गुयेन काओ की या दोन सेनाधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली. ज्या सरकारला वाचवायचं, ते सरकारच नवं कोरं होतं.

जुलैच्या पहिल्याच दिवशी जॉन्सन यांच्या टेबलावर वेगवेगळ्या दिशांची टिपणं होती. मॅकनामारा यांचं म्हणणं, मागणी पूर्ण करा, राखीव दलं बोलवा, उत्तरेवरचा दाब वाढवा. त्यांचा कच्चा मसुदा वाचून बंडी यांनी तो वेडेपणाच्या काठावर जाणारा उतावीळपणा आहे असं कळवलं होतं. तेच बंडी पुढच्या चार आठवड्यांत त्याच्या मूळ सूत्राच्या बाजूने बोलले. बंडी यांचे थोरले भाऊ विल्यम परराष्ट्र खात्यात होते. त्यांनी मधला मार्ग सुचवला : ८५ हजारांवर थांबा आणि उन्हाळाभर पाहा. परराष्ट्र खात्यातले उपमंत्री जॉर्ज बॉल यांनी नुकसान सोसून बाहेर पडा असं लिहिलं. जंगलात, अनोळखी मुलखात, तिथल्या लोकांची साथ नसताना गोऱ्या परक्या सैन्याने गनिमांना हरवल्याचं उदाहरण दाखवा, असा त्यांचा रोख होता. फ्रान्सचं इंडोचायनात काय झालं हे त्यांनी वकील म्हणून फ्रेंच सरकारसोबत काम करताना जवळून पाहिलं होतं.

आणखी एक टिपण फेब्रुवारीतच येऊन गेलं होतं, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते लिहिणारे उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री होते, आणि त्यांचा मुद्दा निव्वळ राजकारणाचा होता. आपण १९६४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना भुईसपाट केलं आहे, उजव्यांच्या दबावाची भीती न बाळगता व्हिएतनाममधून अंग काढून घ्यायला १९६५ हेच कमीत कमी जोखमीचं वर्ष आहे. लढाई वाढवली तर विरोध आपल्याच पक्षातून उभा राहील. जॉन्सन यांनी यावर काय केलं? हम्फ्री यांना व्हिएतनामच्या चर्चांतून बाजूला ठेवलं. सिनेटमध्ये तेव्हा जॉन्सन यांच्या पक्षाचे डेमोक्रॅट ६८ आणि रिपब्लिकन ३२ होते. ‘राजकीयदृष्ट्या माघार शक्यच नव्हती’ हे विधान या आकड्याशेजारी ठेवून पाहावं.

ते आठ दिवस

मॅकनामारा १४ जुलैला सायगावला निघाले. तिथली परिस्थिती डोळ्यांनी पाहून शिफारस करायची, मग अध्यक्ष निर्णय घेणार, असा देखावा जगापुढे होता. पण १७ जुलैला त्यांचे उपमंत्री सायरस व्हान्स यांची तार त्यांच्या हाती पडली. तिच्यात लिहिलं होतं की ३४ अमेरिकी बटालियनच्या योजनेने पुढे जायचा अध्यक्षांचा सध्याचा इरादा आहे. उरलेल्या बटालियन मित्रदेशांच्या यायच्या होत्या. आणि याहून बोलका भाग पैशांचा : जानेवारीपूर्वी काँग्रेसकडे ३० ते ४० कोटी डॉलरपेक्षा मोठी पुरवणी मागणी करणं अध्यक्षांना शक्य नाही, कारण मोठी मागणी केली तर देशांतर्गत विधेयकांचा कार्यक्रम मरेल असं त्यांना वाटतं.

म्हणजे २१ जुलैला मंत्रिमंडळाच्या दालनात जी ऐतिहासिक चर्चा सुरू झाली, तिच्या चार दिवस आधी बहुतेक सगळं ठरलं होतं. आधी निर्णय, मग सल्लामसलत. काही अभ्यासक या बैठका निव्वळ नाटक होत्या असं म्हणतात. मला तसं पूर्णपणे वाटत नाही. सहायक जॅक व्हॅलेंटी यांनी घेतलेल्या नोंदी वाचताना एक अस्वस्थ माणूस दिसतो. तो खरोखर विचारतो आहे, पण ज्या उत्तराने त्याला थांबावं लागेल ते उत्तर त्याला पेलत नाही.

२० जुलैच्या टिपणात मॅकनामारा यांनी २ लाख ३५ हजार राखीव सैनिक बोलावण्याची शिफारस केली होती. वर्षअखेरीस महिन्याला ५०० च्या आसपास अमेरिकी सैनिक लढाईत मरतील असा अंदाजही त्यातच होता. २१ तारखेला बॉल उभे ठाकले. आपण जिंकू शकत नाही. लांबलेलं युद्ध आपली ताकद नव्हे, दुबळेपणा उघडा पाडेल. जॉन्सन यांनी विचारलं, मग सगळे देश अमेरिकेला कागदी वाघ म्हणणार नाहीत का? तीन अध्यक्षांचा शब्द मोडला तर आपली पत उरेल का? बॉल यांचं उत्तर, जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता मूठभर गनिमांना हरवू शकत नाही हे सिद्ध होणं हा जास्त मोठा आघात असेल. परराष्ट्रमंत्री डीन रस्क, बंडी, सगळ्यांनी बॉल यांना विरोध केला. सायगावला राजदूत म्हणून पुन्हा निघालेले हेन्री कॅबट लॉज म्हणाले, आपण उतरलो नाही तर तिसऱ्या महायुद्धाचा धोका जास्त. म्युनिकशी असलेलं साम्य दिसत नाही का?

म्युनिकचं नाव निघालं की त्या पिढीत चर्चा तिथेच संपे. त्या दालनातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तारुण्यावर १९३८ चा ठसा होता. जे १९३८ मध्ये युरोपात करायला हवं होतं ते १९६५ मध्ये मेकाँगच्या काठी करायला निघाले होते. व्हिएतनामी लोक जवळपास हजार वर्षं चीनच्या अंमलाखाली राहून त्यातून सुटले, उत्तर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचा लढा फ्रेंचांविरुद्ध सुरू झाला होता, हे त्या टेबलावर कुणी नीट मांडलंच नाही. आठ दिवसांच्या नोंदींत व्हिएतनामी माणसं फार थोडी भेटतात. हा माझ्या मते त्या चर्चेचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो बॉल यांच्याही टिपणांत काही प्रमाणात आहे.

२२ जुलैला सेनाप्रमुख आले. भूदलप्रमुख हॅरल्ड जॉन्सन यांना अध्यक्षांनी विचारलं, आपण लाखोंनी सैन्य आणि अब्जावधी डॉलर घेऊन उतरलो तर चीन आणि रशिया आत येणार नाहीत का? मला तसं वाटत नाही, जनरल म्हणाले. मॅकआर्थर यांनाही वाटलं नव्हतं, अध्यक्षांनी उत्तर दिलं. मॅकआर्थर कोरियातले अमेरिकी सेनापती असताना १९५० मध्ये तिथे चिनी फौजा उतरल्या होत्या, त्याची ती आठवण होती. मग मरीन दलाचे प्रमुख वॉलेस ग्रीन यांनी आपला अंदाज सांगितला : पाच वर्षं आणि पाच लाख सैन्य. आणि अमेरिकी जनता तुमच्या पाठीशी राहील, असंही ते म्हणाले.

पाच वर्षं, पाच लाख. सहा दिवसांनी देशाला सांगितलेला आकडा १ लाख २५ हजार.

२५ जुलैला, रविवारी, कॅम्प डेव्हिडला जॉन्सन यांचे जुने स्नेही आणि वकील क्लार्क क्लिफर्ड यांनी आणखी एक आकडा उच्चारला. आपण एक लाख पाठवले तर उत्तर व्हिएतनाम तेवढे पाठवेल; आपण जिंकू शकणार नाही. पाच वर्षं, ५० हजार मृत, अब्जावधी डॉलर. हे आपल्यासाठी नाही. माझ्या देशासाठी यात मला विनाशाशिवाय काही दिसत नाही. मॅकनामारा समोर बसले होते. क्लिफर्ड यांच्याकडे तेव्हा मंत्रिपद नव्हतं; गुप्तवार्तेवरच्या एका सल्लागार मंडळाचे ते प्रमुख होते, एवढंच. त्या युद्धात शेवटी मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या ५८ हजारांहून थोडी जास्त आहे.

२७ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेपुढे जॉन्सन यांनी पाच पर्याय मांडले : प्रचंड बॉम्बफेकीने शत्रूला गुडघ्यावर आणणं, गाशा गुंडाळून घरी येणं, आहे तिथे राहून थोडं थोडं हरत जाणं, काँग्रेसकडे जाऊन मोठा पैसा, राखीव दलं, आणीबाणी, सगळं उघडपणे मागणं, किंवा गाजावाजा न करता सेनापतींना लागेल ते देणं. मांडणीच अशी की पाचवा पर्यायच शहाणपणाचा वाटावा. कुणाला आक्षेप? कुणीही बोललं नाही. संध्याकाळी काँग्रेसचे नेते आले. तिथे सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड एकटे बोलले. ते कधीकाळी मोंटानात पूर्व आशियाचा इतिहास शिकवत. सायगावच्या सरकारला आपण काहीही देणं लागत नाही, आणि वाढवलेलं युद्ध आणखी वाढतच जातं, असं त्यांनी सांगितलं. रसेल, फुलब्राइट आणि इतर काही ज्येष्ठ सिनेटरांशी बोलून त्यांनी अध्यक्षांना एक पत्रही दिलं. जिथे आपण असायला नको होतं तिथे आपण खोल अडकलो आहोत, असा त्या सर्वांचा सूर त्यात नोंदवला होता. हे सगळे अध्यक्षांच्या जवळचे. आणि यांतला एकही जण त्या आठवड्यात जाहीरपणे उभा राहिला नाही. निष्ठा म्हणून गप्प राहिले. ही जबाबदारी मी एकट्या जॉन्सन यांच्या डोक्यावर ठेवत नाही.

दडवलं ते कशासाठी

२८ जुलैला, जॉन्सन पत्रकारांपुढे उभे होते त्याच दिवशी, सिनेटने मेडिकेअरचं विधेयक अंतिम स्वरूपात मंजूर केलं. वृद्धांना सरकारी आरोग्यविमा. दोनच दिवसांनी जॉन्सन मिसुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि वृद्ध माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या शेजारी बसून त्यांनी त्यावर सही केली. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला त्याने खऱ्या अर्थाने मत दिलं. हा माणूस टेक्सासच्या गरीब डोंगराळ भागात वाढला, मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिक्षक होता. ते कायदे त्याच्या आयुष्याचं काम होतं. युद्धाचं खरं बिल त्या आठवड्यात काँग्रेसपुढे ठेवलं असतं तर युद्धाच्या नावाखाली हे कायदे गाडले गेले असते, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आणि व्हिएतनाम सोडलं असतं तर १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेल्यावर ‘चीन कुणी घालवला’ म्हणून ट्रुमन यांची जी दशा झाली तीच आपली होईल, ही दुसरी भीती. पत्नी लेडी बर्ड यांच्या रोजनिशीत त्यांचे त्या उन्हाळ्यातले शब्द आहेत : मोठ्या मृत्यूंच्या याद्या घेऊन आत जायचं किंवा बेअब्रू होऊन बाहेर पडायचं, विमानात बसल्यासारखं झालं आहे, विमान आपटायचं की उडी मारायची एवढंच हाती आहे, आणि पॅराशूट नाही.

तिसरं कारणही नोंदवायला हवं. देशात युद्धज्वर पेटवला तर चीन आणि रशियाला डिवचल्यासारखं होईल, म्हणून आवाज खाली ठेवायचा, असाही हिशेब होता. कोरियाचा अनुभव पाहता तो निराधार म्हणता येत नाही.

पण या तिन्ही कारणांनी जे केलं त्याचा भार कुणावर पडला ते पाहावं. राखीव दलं बोलावली नाहीत, म्हणजे नोकरी-धंद्याला लागलेला, संसार असलेला, गावात वजन असलेला मध्यमवर्ग घरीच राहिला. सगळा बोजा सक्तीच्या भरतीवर आला. कॉलेजात शिकणाऱ्याला सूट होती. राज्यांच्या नॅशनल गार्ड या अर्धवेळ राखीव दलात नाव लागलं की व्हिएतनाम टळण्याची शक्यता मोठी. ज्याला कॉलेज परवडत नाही, ज्याची ओळख नाही, तो खेड्यातला, कारखान्याच्या वस्तीतला, काळ्यांच्या मोहल्ल्यातला मुलगा गेला. मेडिकेअर आणि मतदान हक्क ज्यांच्यासाठी, त्यांचीच मुलं. हे वाचताना मला दर वेळी त्या सहा लेकरांच्या सार्जंटची आठवण होते.

मित्रदेशांचं ऐकण्याची तयारीही आटत गेली. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष भारत होता आणि बॉम्बफेक थांबवा असं तो सांगत होता. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सन यांनी लालबहादूर शास्त्रींचा ठरलेला अमेरिका-दौरा पुढे ढकलला. तो दौरा नंतर कधी झालाच नाही.

पाच महिन्यांत

वर्षअखेरीस व्हिएतनाममध्ये १ लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते. नोव्हेंबरमध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात उत्तर व्हिएतनामच्या नियमित फौजांशी पहिली मोठी समोरासमोर लढाई झाली. चार दिवसांत दोनशेहून जास्त अमेरिकी मेले. मॅकनामारा पुन्हा सायगावला जाऊन आले. ३० नोव्हेंबरच्या टिपणात त्यांनी लिहिलं की आणखी सैन्य पाठवूनही यशाची हमी नाही, आणि लढाईतले मृत्यू महिन्याला हजारावर जाऊ शकतील. १८ डिसेंबरच्या बैठकीत जॉन्सन यांनी विचारलं, म्हणजे लष्करी पातळीवर आपण काहीही केलं तरी खात्रीचा विजय नाही? बरोबर, मॅकनामारा म्हणाले. आपण फार आशावादी होतो.

तरीही १९६६ च्या अखेरीस ३ लाख ८५ हजार, १९६७ च्या अखेरीस ४ लाख ८५ हजार. १९६४ च्या अखेरपर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून मेलेले अमेरिकी चारशेहून थोडे जास्त होते. एकट्या १९६८ मध्ये ते जवळपास १७ हजार झाले. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या हिशेबाप्रमाणे त्यांच्या बाजूचे ११ लाख सैनिक आणि दोन्ही भागांतले मिळून सुमारे २० लाख नागरिक त्या युद्धात गेले. जुलैच्या टिपणांत या संख्येसाठी रकानाच नव्हता.

पैशाचंही तसंच. १९६५ च्या अखेरीस आर्थिक सल्लागार कर वाढवा म्हणू लागले होते. १० टक्के अधिभार लागला तो जून १९६८ मध्ये, महागाई घट्ट बसल्यावर. आणि देशांतर्गत सुधारणांच्या ज्या ‘ग्रेट सोसायटी’ कार्यक्रमाला वाचवायला हे सगळं दडवलं, त्याच्यासाठीचा पैसा आणि काँग्रेसमधली सहानुभूती दोन्ही तोवर आटली होती. १९६६ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅटांच्या ४७ जागा गेल्या.

आणखी एक बारकी गोष्ट, जी मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. जुलै १९६५ मध्ये टाळलेला प्रश्न पुसला गेला नाही, तो नुसता पुढे सरकला. ३० जानेवारी १९६८ च्या रात्री तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाच्या वेळी दक्षिण व्हिएतनामभर शहरांवर हल्ले झाले. त्यानंतर सेनाप्रमुखांनी आणखी २ लाख ६ हजार सैनिक मागितले. एवढे उभे करायचे तर राखीव दलं बोलावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे तोच मुद्दा, त्याच टेबलावर, अडीच वर्षांनी. फरक इतकाच की आता संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड होते. त्यांनी अधिकाऱ्यांना विचारायला सुरुवात केली : एवढ्यांनी भागेल का? नाही भागलं तर आणखी किती? किती वर्षं? जिंकण्याची योजना काय आहे? कुणाकडेही उत्तर नव्हतं.

१० मार्चला तो २ लाख ६ हजारांचा आकडा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर छापून आला. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, या वेळी रात्री, सगळा देश टीव्हीपुढे असताना जॉन्सन बोलले. २ लाख ६ हजारांच्या जागी साडेतेरा हजार सैनिक, उत्तरेच्या बहुतेक भागावरची बॉम्बफेक बंद, वाटाघाटींची तयारी. आणि शेवटी, पुढच्या निवडणुकीत आपण पक्षाची उमेदवारी मागणार नाही आणि दिली तरी स्वीकारणार नाही.